अकराव्या मिनिटाला

हेमराजच्या निओ-प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा पहिलाच अल्बम. शहाद्यात कुणी ऐकला नाही, पण इंटरनेटवर पोलंड-चिलीहून अभिप्राय येऊ लागले. कुणाला कीबोर्ड आवडला, कुणाला गाणी लांबलचक वाटली. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत: शेवटच्या गाण्यात, अकराव्या मिनिटाला, कुणी बाई मध्येच ओरडते, ते काढून टाका. त्या गाण्याचं रेकॉर्डिंग घरातच, आवाज अडवायला गाद्या टांगून चाललं होतं. आईने दार ढकललं. “बंद कर रे हाऊ गोंगाट! भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!” तो तिच्यावर खेकसला. तिचा आवाज गाण्यातून काढून टाकायचाच होता. त्याआधी आईच वारली. अभिप्राय वाचून पुण्याहून ड्रमवाल्या भरतचा फोन आला, “काढी टाक, भो.” “ऱ्हाऊ दे.” फोन ठेवून त्याने स्वतःच थापलेली वाकडी भाकर ताटात घेतली, तेच गाणं लावलं आणि वाट पाहत बसला. आई ओरडली, तेव्हा भाकर खरंच थंड झाली होती.