मागच्या वर्षीचं माप

“तुम्हीच म्हणाला होतात, उभी करू नका. आता मलाच विचारता, उभी का केली नाही?”

मार्थाचा आवाज एवढा चढला की अपंग मुलांच्या शिबिराच्या मांडवातल्या सगळ्या आया माना वळवून बघायला लागल्या. टेबलामागचे साहेब हसले. बाईमाणूस ओरडलं की हसायचं, एवढं त्यांना येत होतं.

तिची ब्रिटनी चाकाच्या खुर्चीत बसली होती. सेरेब्रल पाल्सी. जन्मापासून पाय ताठ, अंगाला तोल नाही. तरी मागच्या वर्षापर्यंत पोर उभी राहायची. आगाशीच्या वाडीत तिच्या बापाने, स्टॅनीने, पोफळींना आडवा बांबू बांधून दिला होता. त्याला धरून ती आईवर हुकूम सोडायची. मधेच हात सोडून ओरडायची, “मम्मी, बघ!”

मग याच शिबिरात तिच्या पायाचं माप घेतलं. याच साहेबांनी बजावलं, पाय सरळ धरणारी स्प्लिंट येईपर्यंत उभी करायची नाही, पाय वाकडा होईल. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून स्टॅनीने बांबू सोडला आणि घडाने वाकलेल्या केळीला टेकू लावला.

स्प्लिंट आज आली.

बसवणाऱ्याने पाय आत सारला. बोटं बाहेर. टाच वरच. त्याने गुडघ्यावर जोर देऊन बघितलं.

“शीर आखडलीय. टाच आता टेकतच नाही.”

ब्रिटनीने रडू गिळलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिचं पहिलं कम्युनियन होतं, पहिला ख्रिस्तप्रसाद. वेदीपुढे उभी राहून घेणार, असं तिने फादरना स्वतःच सांगून ठेवलं होतं.

“मम्मी, बोटं दुमडू? मग बसेल.”

“पोरं वाढतात हो बाई,” साहेब म्हणाले. “त्याला आम्ही काय करणार? नवीन माप देऊन जा.”

“आणि येणार कधी?”

“येईल तेव्हा येईल. तोवर उभी मात्र करू नका.”

मार्थाने पट्टे सोडले. पायावर लाल वळ उठले होते. तिने स्प्लिंट साहेबांपुढे, त्यांच्या हारतुऱ्यांच्या शेजारी, आपटली. ती तेवढी टेबलावर ताठ उभी राहिली.

“मग हेपण सांगून टाका. तोवर माझ्या पोरीने वाढायचं पण नाही का? हसू नका साहेब. सांगा.”