सरांच्या डोक्यावर ‘कशावरून?’

टी-शर्ट जिंकला. शाळेत मात्र असं काही घडलेलंच नाही, असं सर्वानुमते ठरलेलं आहे. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू.

पटांगणात शाळेतल्या शेवटच्या वर्गाचा निरोपाचा फोटो निघायचा होता. या एका दिवशी गणवेशाला सुट्टी. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे मुलं उभी. फोटोवाल्याचा नियम एकच : उंच मध्ये, बुटके कडेला, म्हणजे वर्ग डोंगरासारखा दिसतो. या डोंगराचं शिखर म्हणजे शिडी. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, म्हणून हे नाव. ती बरोबर इतिहासाच्या सरांच्या मागे आली.

तिनं पिवळा टी-शर्ट घातला होता. त्यावर काळ्या अक्षरांत एकच शब्द : ‘कशावरून?’ प्रश्नचिन्ह अक्षरांपेक्षा मोठं आलं होतं, कारण छापणारा तिचा मामा होता आणि भाचीच्या कामात मामा हात आखडता घेत नाही.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यात पाहिलं, मान बाहेर काढली, पुन्हा पाहिलं.

“सर, तुमच्या डोक्यावर काहीतरी लिहिलंय.”

सर उठले, मागे वळले आणि त्यांनी वाचलं. मग कॅमेऱ्यामागे जाऊन आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“हा फोटो व्हरांड्यात लागणार,” ते म्हणाले. “खाली मी आणि वर हे! माझ्या भावना दुखावल्या आहेत.”

सगळ्यांनी टी-शर्टकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती.

“दोन बोटं बुटकी असती ना,” फोटोवाला हळहळला, “तर सगळं सरांच्या डोक्यामागे गेलं असतं.”

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी गणिताच्या सरांना विचारलं, “तुम्ही बसता का तिथे?”

“मी? उद्या सगळे पालक पेपर पुन्हा तपासून मागतील.”

खेळाचे सर न विचारताच म्हणाले, “बाई, खेळ हा विषय आहे हेच मुळात कुणी मानत नाही. त्यात आणखी हे कशाला?”

“एक तर ती फोटोत राहील, नाहीतर मी,” इतिहासाचे सर म्हणाले.

फोटोवाल्यानं वर पाहिलं. “ऊन सरकतंय. काय ते ठरवा.”

शेजारच्या मैत्रिणीनं आपला स्वेटर काढून पुढे केला. “घाल ना गं. पुन्हा कधी सगळे एकत्र येणार आहोत का आपण?”

शिडीला फोटोत यायचं होतं. इतकं यायचं होतं, की तिनं सकाळी केस विंचरले होते. तिनं स्वेटर हातात घेतला, क्षणभर धरला आणि परत दिला.

“फोटोत नसले तरी चालेल,” ती म्हणाली. चालणार नव्हतं, हे तिच्या आवाजावरून बुटक्यांनाही कळलं. ती ओळीतून बाहेर आली. डोंगराच्या मधोमध खिंड पडली.

“थांब,” मोठ्या बाई म्हणाल्या. “हे असलं घालायचं कुठून सुचलं तुला?”

“सरांनी सांगितलं होतं.”

“मी?” सर ओरडले.

“एकदा वर्गात मी हे विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, हा शब्द पुन्हा तोंडातून निघाला तर वर्गाबाहेर. म्हणून मी तोंडातून नाही काढला, सर.”

तिच्या चेहऱ्यावर खोडीचा लवलेश नव्हता. इतकं मनापासून आज्ञापालन त्या शाळेत आजवर कुणी केलं नसेल. गणिताच्या सरांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. कुठेही चूक सापडेना.

“पण तू विचारलं होतंस कशाबद्दल?” बाईंनी विचारलं.

“सर म्हणाले, तो राजा फार न्यायी होता. मी म्हटलं, कशावरून?”

बाई सरांकडे वळल्या. “मग? उत्तर काय दिलंत?”

“पुस्तकात तसं स्पष्ट दिलंय,” सर म्हणाले, आणि मन नको नको म्हणत असतानाही त्यांची नजर पुन्हा त्या पिवळ्या टी-शर्टवर गेली.

खेळाचे सर बुटाची न सुटलेली नाडी बांधू लागले.

मोठ्या बाई उठल्या, पदर सारखा केला आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

“ये गं. आपल्या जागेवर उभी राहा. सर, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा.”

“बाई, हे बरोबर नाही! अशानं शाळेची अब्रू जाईल!”

बाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त एक बोट आपल्या डोक्याच्या वर, मागे येऊन उभ्या राहिलेल्या शिडीच्या टी-शर्टकडे केलं.

हसा, असं त्या दिवशी फोटोवाल्याला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी कार्यालयात रीतसर अर्ज दिला : “सविनय सादर, की पुढील शैक्षणिक वर्षापासून शाळेत उंच मुलींना प्रवेश देण्यात येऊ नये, आणि अन्य मुलींना प्रवेश दिल्यास, शाळेत असेपर्यंत त्यांची वाढ होणार नाही, याची शाळेने दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.”