वरवंटा

फाटकाशीच मंडळ अधिकाऱ्यांनी बूट काढले, तेव्हा शालिनीकाकूंनी चमकून अंगणात पाहिलं. घर रिकामं करून काकूंना ताबा द्यावा, असा तहसीलदारांचा आदेश साहेबांच्याच हातात होता.

काकू लेकीकडे गेल्या असताना कुलूप तोडून घुसलेला गेनूभाऊ मात्र सामान बांधून हसत उभा होता. "घ्या काकू, तुमचं घर. माझी काही तक्रार नाही."

अंगणात नवा ओटा होता, त्यावर शेंदूर फासलेला देव आणि समोर टाळ कुटणारी शंभरेक माणसं.

काकू जवळ जाऊन वाकल्या. "अहो, हा माझा वरवंटा! जन्मभर यानं चटणी वाटली मी!"

टाळ थांबले. सगळी डोकी सावकाश काकूंकडे वळली.

"हळू बोला, बाई," साहेब पुटपुटले. "सही करा. ताबा मिळाला तुम्हाला."

काकूंनी सही केली. गेनूभाऊनं त्यांच्या तळहातावर खडीसाखर ठेवली आणि तो अगदी मायेनं म्हणाला,

"उद्या देवाचं लग्न आहे, काकू. नवरी आत स्वयंपाकघरात आहे, तुमचा पाटा. वऱ्हाड आत येईल. तेवढं कुलूप लावू नका."