जीप विकणे आहे

दुकानात बांगड्या कागदात बांधता बांधता कस्तुराचा हात थांबला. साप्ताहिकाच्या त्या पानावर जाहिरात होती : ‘जीप विकणे आहे. भेटा : मुरलीधर कासार.’ मुरलीधर तिचा नवरा, आणि जीप होती तिच्या नावावर. त्याच जीपमधून दोघं बांगड्या घेऊन आठवड्याचे चार बाजार करत.

घरी ती चकार शब्द बोलली नाही. तडक वकिलाकडे गेली. पुढच्या अंकात जाहीर नोटीस झळकली : ‘सदर जीप माझ्या मालकीची असून, माझ्या पतीशी कोणी व्यवहार केल्यास तो माझ्यावर बंधनकारक राहणार नाही.’

अख्ख्या पेठेनं ती चवीनं वाचली. मुरलीधर अंक नाचवत दुकानात आला.

“अगं, घरात सांगायचं होतंस की!”

“तुम्ही तरी घरात कुठं सांगितलंत?”

तो मटकन स्टुलावर बसला. “नजर अधू झालीय माझी. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद. तुला कसं सांगावं तेच कळेना.”

कस्तुरानं त्याच्या हातातला अंक काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “मी शिकते.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर तिनं जीप सुरू केली आणि थेट कुंपणात नेऊन घातली. आता हा खेकसणार म्हणून ती अंग चोरून बसली. मुरलीधर मात्र खाली उतरला, चाचपडत बंपरमधल्या काटक्या काढल्या आणि पुन्हा शेजारी येऊन बसला.

“आता रिव्हर्स घे,” तो म्हणाला. “मागं कोण आहे ते तेवढं तूच बघ.”