हवा तसा चेहरा

म्हाळसाबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी तिचा मुलगा अंगद. समोर मंचावर दिव्यांच्या झोतात तिचाच चेहरा टांगलेला होता, माणसाहून उंच. डोळे कोरडे, तोंड अर्धवट उघडं, तोंडाशी न्यायला उचललेला पदर मध्येच थांबलेला.

चित्र दुष्काळाच्या सालातलं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आलं, दिल्लीला जाऊन आलं, देशभर गाजलं. आता जालना रोडवरच्या या नव्या हॉटेलानं ते विकत घेतलं होतं आणि आज त्याचाच समारंभ होता. चित्रकार विश्वजित यांनी खुलताबादच्या बाजूच्या धनगरवस्तीवर गाडी पाठवून मायलेकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"माय, ती तूच हायेस?" अंगद हळूच म्हणाला.

"मीच की. पण लई म्हातारी काढली." ती पदराआड हसली.

सूत्रसंचालन करणाऱ्या वैदेहीनं विश्वजितना विचारलं, "सर, सगळ्यांनाच पडणारा प्रश्न. हे डोळे तुम्हाला सापडले कुठं?"

विश्वजित या प्रश्नाची वाटच बघत होते.

"खरं सांगू? सापडत नव्हते. मी रोज यांच्या वस्तीवर जायचो. विहिरी आटलेल्या, मेंढरं मरत होती. पण मी कागद काढला की बाई लाजायच्या, हसायच्या, चहा ठेवायच्या. आता दुष्काळात हसणारी बाई मी लोकांना कशी दाखवू?"

सभागृहात हशा पिकला. म्हाळसाबाईही हसली.

"यांचा मुलगा तेव्हा वाळूजला एका कारखान्यात लागला होता. त्याचा विषय निघाला की बाई खुलायच्या. एके दिवशी मी गाडीतून उतरलो आणि सांगितलं, बाई, कारखान्यात अपघात झालाय. तुमचा अंगद गेला."

विश्वजित थांबले. कुठं थांबायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

"आणि हा चेहरा आला. रडणारा नव्हे, रडण्याच्या आधीचा. मी उभ्या उभ्या कोळशानं उतरवून घेतला. मग म्हटलं, थांबा, पुन्हा फोन करून बघतो. गाडीत जाऊन बसलो, परत आलो आणि सांगितलं, गेलेला दुसराच कुणीतरी आहे. तुमचा मुलगा सुखरूप आहे."

मागून कुणीतरी "बाप रे" म्हणालं.

"क्रूर वाटतं ना? पण अजिंठ्याची ती भिंत आठवा. शिकारी सुळ्यांसाठी संन्याशाचं वस्त्र पांघरून हत्तीजवळ जातो. कपट विसरलं जातं, चित्र उरतं. चित्रकारालाही कधीकधी ते वस्त्र पांघरावं लागतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंगदनं आईकडं पाहिलं. ती विश्वजितकडं बघत नव्हती, चित्राकडं बघत होती.

वैदेही माईक घेऊन खाली आली. "मावशी, एवढ्या वर्षांनी हे चित्र बघून काय वाटतं तुम्हाला?"

म्हाळसाबाई उभी राहिली. माईक कसा धरायचा ते तिला कळेना, म्हणून वैदेहीनंच तो तिच्या तोंडाशी धरला.

"दादा," ती मंचाकडं बघून म्हणाली, "मंग ते दुसरं पोरगं? ते बी मेलं नव्हतं?"

"नाही हो, बाई," विश्वजित हसून म्हणाले. "कुणीच मेलं नव्हतं."

"मी त्याच्या मायसाठी दर साली खंडोबाला नारळ फोडते." तिचा आवाज माईकमधून सगळ्या सभागृहात घुमला. "म्हणलं, माझ्या पदरातलं मरण त्या बाईच्या पदरात पडलं. तिला बळ दे देवा."

मग लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वैदेहीनं डोळे टिपले. "किती निर्मळ मन आहे हे," ती माईकवर म्हणाली.

म्हाळसाबाई खाली बसली नाही. टाळ्या चालू असतानाच ती रांगेतून बाहेर पडली. अंगद तिच्या मागं निघाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. गाडीवाल्यानं दार उघडून हाक मारली, पण दोघंही थांबले नाहीत. रस्त्याच्या कडेनं चालत राहिले. पुलाच्या सावलीत आल्यावर म्हाळसाबाईचे पाय थांबले. ती खांबाला टेकून खाली बसली.

चित्र काढलं त्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी ती वाळूजला गेली होती. कारखान्याच्या फाटकासमोर बसून राहिली, अंगद बाहेर येताच त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली आणि त्याला घरी घेऊन आली. साहेब म्हणाला होता, पोराचं काम चांगलं आहे, पुढं कायम करू. ती ऐकायला तयार नव्हती. अंगदबरोबर लागलेल्या पोरांची आता बजाजनगरात घरं होती. अंगद उन्हाळाभर पाण्याच्या टँकरवर असायचा, एरवी मिळेल त्या कामावर. सोयरीक यायची आणि परत जायची. तो कधी कुरकुरला की ती म्हणायची, "जिता हायेस ना? वाचलास ना?" मग तो गप्प बसायचा.

डोक्यावरून गाड्या धडधडत जात होत्या.

"दूध बी नव्हतं वस्तीवर त्या दिशी," म्हाळसाबाई म्हणाली. "करडाच्या तोंडचं काढून त्या दादांना पाजलं. पाया पडले त्यांच्या. पोरगं जितं हाय म्हणून सांगितलं ना त्यांनी."

अंगद तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज न चढवता, खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यानं विचारलं,

"माय, मंग मी वाचलो कशातनं?"