चंद्रकळेचं अस्तर

संक्रांत तोंडावर आली होती आणि दुकानदाराने सगळी गुलाबी खोकी हेमांगीला परत केली होती. "दागिने झकास आहेत हो, पण खोक्यात उठून दिसत नाहीत," एवढंच तो म्हणाला होता.

तिने खोकी सासूबाईंच्या पुढ्यात आदळली. शेगडीपाशी बसून, थेंब थेंब पाक सोडून काटा फुलवलेला हलवा, त्याचे हार, मुकुट, बाजूबंद. असा माल परत?

"बोरन्हाणाला झबलं काळं शिवतात, सुनेला साडी काळी घेतात. हलव्याचा पांढरा रंग काळ्यावरच खुलतो! आणि मी शहाणी, गुलाबी कागद लावत बसले." ती स्वतःवरच चिडली. "आई, खोकी आतून काळी करायची."

"सणासुदीचा माल काळ्या खोक्यात?" सासूबाई कडाडल्या. "लोक हात तरी लावतील का?"

"वर्षात हा एकच सण काळ्याला मान देतो, आणि आपला माल याच सणाला खपतो. दुकानदार नको म्हणाला, तर मी दारात पाट मांडून विकेन."

सासूबाई उठून आत गेल्या. कपाटाचं दार धाडकन वाजलं. रागावल्या, असं हेमांगीला वाटलं. तरी तिने पहिल्या खोक्यातला गुलाबी कागद टरकावलाच.

सासूबाई परत आल्या त्या कात्री आणि स्वतःच्या पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा घेऊन.

"कागद कसला लावतेस? हे लाव," साडी तिच्या मांडीवर टाकत त्या म्हणाल्या. "पदराला तेवढा हात लावू नकोस. त्यावर ह्यांनी सांडलेल्या चहाचा डाग आहे."