शुक्रवारचं जाळं

"मासे मारायला गेलो होतो असं कोर्टात सांगायचं? तेही शुक्रवारी? वकीलबाई, त्यापेक्षा मला चोर म्हणा!"

तारमिझीने कपाळावर हात मारून घेतला. कोठडीच्या गजांबाहेर बसलेल्या साफ्रिदाला मात्र हा खटला घेतल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं. पठ्ठ्याच्या तोंडून एकदाचं खरं बाहेर पडलं होतं.

आचे प्रांताच्या किनाऱ्यावर शुक्रवारी कुणी दर्यात जाळं टाकत नाही. वाडवडिलांचा नियम आहे. मोडला तर मासळी जप्त, होडी आठवडाभर वाळूवर आणि गावभर छीथू. सूट एकच. कुणी बुडत असेल तर जावं, नव्हे, जायलाच हवं. त्या शुक्रवारी उजाडता उजाडता तारमिझी गुपचूप मासे मारत होता, आणि समोर रोहिंग्या निर्वासितांची फुटकी नाव दिसली. बाया, लेकरं नावेतच कमरेएवढ्या पाण्यात उभी. होडीत माणसांना जागा हवी म्हणून गड्याने आपलं नवंकोरं जाळं कापून दर्याला दिलं आणि सगळ्यांना किनाऱ्याला आणलं. तिथे पांगलिमा हासबी उभे. पांगलिमा म्हणजे दर्यावरचा पाटीलच. "आज होडी बाहेर कशी?" त्यांनी दरडावून विचारलं. होडी अडकायला नको म्हणून तारमिझीने छाती पुढे काढून ठोकून दिलं, "ही माणसं येणार ते मला ठाऊक होतं. त्यांनाच आणायला गेलो होतो." पांगलिमांनी पुढे एक शब्द विचारला नाही.

आठवडा वाचवायला बोललेलं खोटं आता आठ वर्षं तुरुंगात घालायला निघालं होतं. येणार ते ठाऊक होतं म्हणजे आधीच ठरलं होतं, आणि ठरलं होतं म्हणजे हा माणसं चोरून आणणारा दलाल! सरकारला आणखी काय हवं? वर गावकऱ्यांनी साक्षीत हौसेने भर घातली. "आमचा तारमिझी लाखातला माणूस, साहेब! मुद्दाम त्यांच्यासाठीच गेला होता!" सरकारी वकिलांनी त्यांचे मनापासून आभार मानले.

"तुम्हाला जाळं टाकताना कुणी पाहिलं, दादा?" साफ्रिदाने विचारलं.

"होती एक होडी. फार लांब नव्हती."

"कुणाची?"

तारमिझीने तोंड फिरवलं. ती चिडली. "अहो, वहिनींचे दिवस भरत आलेत! पोर शाळेत जायला लागेल तरी बापाचं तोंड बघणार नाही."

"शुक्रवारी दर्यावर कुणी कुणाला ओळखत नसतं, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "तोही आमचा नियमच."

साफ्रिदा तशीच गावात गेली. कॉफीच्या दुकानात निम्मं गाव बसलेलं. त्या दिवशी दर्यावर कोण होतं, असं विचारल्याबरोबर सगळ्यांनी कानाला हात लावले. तौबा, तौबा! एक जण म्हणाला, "मी तर गुरुवारी दिवस बुडाला की दर्याकडे बघतसुद्धा नाही."

"खरंय. पाठ करून बसतो," शेजारचा म्हणाला. "होडीत."

हशा पिकला. कोपऱ्यात बसलेले पांगलिमा तेवढे हसले नाहीत. "पोरी, नियम आहे म्हणून दर्या आपल्याला पोसतो," ते म्हणाले. "ज्याने तो मोडला असेल त्याची होडी मी स्वतः ओढून वाळूवर घेईन." आणि अर्धी कॉफी तशीच टाकून ते निघून गेले. साफ्रिदा मनात म्हणाली, झालं! असा पाटील डोक्यावर बसल्यावर कोण मायेचा पूत तोंड उघडणार?

दुसऱ्या दिवशी कोर्टात तारमिझीने सगळं कबूल केलं. लाजेने त्याचे कान लाल झाले होते. सरकारी वकील हसले. "गळ्याशी आलं की माणूस काहीही कबूल करतो. शुक्रवारी मासेमारी! कुणी पाहिलंय?"

साफ्रिदा उगाच कागद चाळायला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून पांगलिमा हासबी उठले, पुढे आले आणि त्यांनी शपथ घेतली.

"मी पाहिलंय. त्याचं जाळं माझ्या जाळ्याला लागून होतं."

"पांगलिमा? शुक्रवारी?" गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. साफ्रिदाला तर तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. तारमिझी आता सुटल्यातच जमा होता.

सरकारी वकील सहजी हार मानणारे नव्हते. म्हातारा खोटं बोलतोय अशी त्यांची खात्री होती. "इतक्या जवळ होतात, मग ती बुडणारी नावही दिसली असेल?"

"दिसली. हाकाही ऐकल्या."

"मग?"

"मदतीला गेलो असतो तर सगळ्यांदेखत किनाऱ्याला लागावं लागलं असतं. मी कुठे होतो ते गावाला कळलं असतं. तारमिझी जाळं कापत होता, तेव्हा मी माझं ओढून घेतलं आणि वळसा घालून घरी आलो. ओले कपडे बदलले. आणि किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो, त्याला जाब विचारायला."

पिंजऱ्यात तारमिझीने तोंड झाकून घेतलं होतं. साफ्रिदाला आपल्या आनंदाची लाज वाटली. पांगलिमांनी दोन्ही मनगटं जुळवून पोलिसापुढे धरली.

न्यायाधीशांना त्यांची दया आली. "अहो पांगलिमा, हात खाली घ्या," ते मायेने म्हणाले. "उगाच घाबरता. कायद्याने तुमचा काहीच गुन्हा नाही."